चारशे नऊचा खरा रंग

“कानडे, तुम्ही माझ्या उन्हात उभे आहात,” पोतनीस म्हणाले.

मी हललो नाही. सकाळचे साडेनऊ वाजले होते. चिंचोद जंक्शनच्या डिझेल शेडमागे, भिंतीला लागून गेलेल्या शेवटच्या रुळावर ते इंजिन उभं होतं. त्याची आमच्याकडची, दक्षिणेची बाजू उन्हात चमकत होती. चमकत होती म्हणजे पोपडे धरलेला जुना निळा रंग जेवढा चमकू शकतो तेवढीच. पोतनीसांनी कॅमेऱ्याची तिवई लावली होती, डोक्यावर काळं फडकं घेतलं होतं आणि चेहऱ्यावर पहिल्या दिवाळसणाला आलेल्या जावयाचं समाधान होतं.

“रंगवलेली बाजू कुठंय?” मी विचारलं.

“पलीकडे. भिंतीच्या बाजूला. बघून या. मात्र अंग चोरून जा, शर्टाला रंग लागेल.”

मी गेलो. भिंत आणि इंजिन यांच्यात दीड हात जागा होती. आत शिरलो तसा ताज्या रंगाचा वास आला. नाकापासून चार बोटांवर गडद किरमिजी पत्रा आणि त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला हळदी पिवळा पट्टा. तीन वर्षं मी ज्या रंगासाठी भांडलो तो हा. डोळे भरून यावेत इतका सुंदर. पण सतरा मीटर लांबीच्या इंजिनाचा फोटो दीड हातावरून काढायचा तर मला पाल होऊन भिंतीला चिकटावं लागलं असतं, आणि तरीही चार खिळे आणि एक पायरी एवढंच आलं असतं. शिवाय तिथं ऊन नव्हतं. फेब्रुवारीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडूनच जातो. ही बाजू संध्याकाळपर्यंत सावलीतच राहणार होती, आणि दुपारी तीन वाजता इंजिन मालगाडीला जोडून भंगारात जाणार होतं.

ही २००९ सालची गोष्ट. मी तेव्हा सोलापुरात एका शाळेत भूगोल शिकवायचो आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या डिझेल इंजिनांचे फोटो काढत हिंडायचो. अशी माणसं फार नसतात, पण असतात. आमचं बेचाळीस जणांचं एक मंडळ होतं आणि दर तीन महिन्यांनी निघणारं, झेरॉक्स काढून वाटलेलं एक पत्रक. त्या पत्रकात माझं आणि पोतनीसांचं तीन वर्षं युद्ध चालू होतं. पोतनीस मिरजेचे, मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. विषय असा की १७४०९ नंबरचं हे इंजिन, ज्याला आम्ही नुसतं ‘चारशे नऊ’ म्हणायचो, ते १९७१ साली चिंचोदला आलं तेव्हा त्याचा रंग कोणता होता? पोतनीसांचं म्हणणं, निळा. पहिल्यापासून निळा. बाहत्तर साली मिरजेच्या यार्डात त्यांनी ते स्वतः पाहिलं होतं. मी लिहिलं होतं की आठवण हा पुरावा नव्हे. माझ्याकडे पुरावा होता, फोटो.

तो फोटो सोलापुरात बिराजदार अप्पांच्या घरी होता. अप्पा म्हणजे चारशे नऊचे पहिले ड्रायव्हर. बैठकीच्या खोलीत खिडकीसमोर चौकटीत लावलेला, हातानं रंग भरलेला तो फोटो. तरणेबांड अप्पा इंजिनाच्या पायरीवर एक पाय ठेवून उभे, आणि मागं इंजिन किरमिजी, पिवळ्या पट्ट्याचं. “रंग बरोबर आहे ना अप्पा?” असं मी त्यांना विचारलं होतं. त्यांनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि मोठ्यानं सांगितलं, “अगदी बरोबर! असाच होता!”

यापेक्षा जास्त काय हवं? मी अर्जांवर अर्ज केले. भंगारात काढण्याआधी इंजिनाला मूळ रंग द्यावा, निदान एक फोटो तरी राहील. अर्ज नामंजूर होत गेले. शेवटच्या अर्जात मी हुशारी केली. लिहिलं, ‘छायाचित्र एकाच बाजूने घेतले जाणार असल्याने खर्च किरकोळ येईल.’

मंजुरी आली. एका बाजूपुरती.

पेंटर शिस्तीचा माणूस असावा. त्यानं हुकमाबाहेर एक बोटभरही रंग लावला नव्हता. इंजिनाचं तोंडसुद्धा त्यानं मधोमध दोरी धरून निम्मंच रंगवलं होतं. एक काच किरमिजी चौकटीत, दुसरी निळ्या. मधे सरळ रेघ.

“भिंतीकडची बाजू का रंगवली?” मी शेडचे प्रमुख नवगिरे साहेब यांना जाऊन विचारलं. ते ऑफिसात डबा उघडून पोहे खात होते.

“उन्हात रंग फुगतो हो सर,” ते म्हणाले. “पेंटरनं सावलीची बाजू धरली. तुमच्या कागदात कुठली बाजू ते लिहिलेलंच नव्हतं.”

“मग आता इंजिन फिरवून द्या.”

“इंजिन म्हणजे काय मोटरसायकल आहे?”

“तुमच्याकडे टर्नटेबल आहे की.”

होतं. वाफेच्या इंजिनांच्या काळातलं. विहिरीसारखा मोठा गोल खड्डा आणि त्यावर मध्यभागी टेकलेला फिरता लोखंडी पूल. इंजिन पुलावर घ्यायचं, पूल हातांनी ढकलून अर्धा फेरा फिरवायचा, की इंजिनाचं तोंड उलट दिशेला. नवगिरे साहेबांनी पोह्यांतला दाणा चावला. “बावीस वर्षांत ते फिरलेलं नाही. आणि खड्ड्यात माझी वांगी आहेत.”

तेवढ्यात दारात अप्पा उभे राहिले. अप्पा आदल्या दिवशीच सोलापूरहून येऊन शेडच्या विश्रांतिगृहात राहिले होते. पंच्याहत्तरी ओलांडलेला तो माणूस इस्त्रीची पांढरी पँट, काळा कोट आणि पितळी बटणं अशा पूर्ण वेषात होता. फोटोत त्यांनी उभं राहावं हे मीच सुचवलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर फोटोचा आनंद नव्हता. कपाळावर घाम होता.

“साहेब, इंजिन फिरवावं लागतंय,” ते म्हणाले. “अकरा चाळीसच्या पॅसेंजरच्या आत.”

“का?”

“पॅसेंजरनं येणार आहेत.”

“कोण येणार आहेत?”

अप्पांनी टोपी काढली, परत घातली. “बघायला येणार आहेत. इंजिन. मला नुसतं एवढंच म्हणायचंय, त्यांना ती निळी बाजू दिसता कामा नये. अजिबात दिसता कामा नये.”

नवगिरे साहेबांनी डब्याचं झाकण लावलं. मलाही तेच वाटलं जे त्यांना वाटलं. कुणीतरी वरचे साहेब न कळवता पाहणीला येतायत, आणि या जुन्या माणसाला कुठून तरी बातमी लागलीय.

“फार कडक आहेत का?” नवगिरे साहेबांनी हळूच विचारलं.

“बोलत नाहीत काही,” अप्पा म्हणाले. “नुसतं बघतात.”

नवगिरे साहेब उठले. “वांगी गेली खड्ड्यात,” ते म्हणाले, आणि ती तिथंच आहेत हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

इंजिन बंद पडलेलं होतं, त्यामुळे एका छोट्या शंटिंग इंजिनानं त्याला मागून रेटत टर्नटेबलवर नेलं. पोतनीस तिवई खांद्यावर टाकून मागोमाग धावत आले.

“हा अन्याय आहे, कानडे! उजेड माझ्या बाजूला आहे. निसर्गानं दिलाय.”

“तुमचे झाले असतील की फोटो.”

“तेराच झालेत!”

पूल ढकलायला किमान सोळा माणसं हवी होती. शेडमध्ये त्या दिवशी रविवारची पाळी, म्हणजे सहा जण, त्यातल्या एकाचा हात गळ्यात. मी, अप्पा आणि नवगिरे साहेब धरून नऊ. पोतनीसांनी तत्त्वाचा प्रश्न म्हणून नकार दिला. मी फलाटावर धावत गेलो. फलाटावर अकरा चाळीसची वाट पाहत गुलशन ब्रास बँडची मंडळी बसली होती. पहाटेचं कुठल्याशा खेड्यातलं लग्न वाजवून परत निघालेली. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालरी, पायात स्लिपरा. बँडमास्तर जब्बारभाई बाकड्यावर आडवे झाले होते.

“भाई, एक इंजिन ढकलायचंय,” मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले. “रिक्षाचं?”

“रेल्वेचं.”

“वजन?”

“एकशे बारा टन.”

ते उठून बसले. बँडकडे पाहिलं. “एवढी वर्षं वराती वाजवतोय,” ते म्हणाले, “घोडा ढकललाय, जीप ढकललीय, एकदा नवरदेव ढकललाय. हे राहिलं होतं. पण सर, आमची माणसं तालाशिवाय जोर लावत नाहीत.”

म्हणून मग ढोलवाल्याला ढकलण्यातून सूट मिळाली. तो खड्ड्याच्या कडेला उभा राहिला. बँडचे आठ आणि आम्ही नऊ पुलाच्या दोन्ही टोकांच्या लाकडी दांड्यांना भिडलो. इंजिनाचं वजन पुलाच्या मध्यावर नीट तोललं गेलं पाहिजे, नाहीतर बापजन्मात हलणार नाही. ते काम अप्पांनी केलं. शंटिंगवाल्याला हातानं खुणा करत, ‘वीतभर मागं, चार बोटं पुढं’ करत त्यांनी चारशे नऊला अशा जागी थांबवलं की पूल किंचित कण्हला आणि सरळ झाला.

ढोलावर काठी पडली. आम्ही जोर लावला. काही नाही. पुन्हा काठी. पुन्हा जोर. खालून कुठूनतरी खवळलेल्या म्हशीसारखा आवाज आला, गंजाचा पाऊस पडला, आणि सोळा-सतरा माणसांच्या तोंडून एकदम “अर्रे!” निघालं. इंजिन फिरत होतं.

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी ढकलल्यात. इतकी वजनदार गोष्ट इतक्या सहज हलताना पुन्हा अनुभवली नाही. ढोलाला जोर चढला. तुतारीवाला एका हातानं ढकलत दुसऱ्या हातानं फुंकायला लागला. आणि पोतनीस! पोतनीस खड्ड्याच्या काठावरून, निळ्या बाजूवरची नजर न काढता, इंजिनाबरोबर उलट्या पावलांनी चालत होते. तीन पावलं, तिवई टेक, फोटो, तिवई उचल, तीन पावलं. देवळातली प्रदक्षिणा कुणी पाठमोरी घालावी तशी. ऊन बाजूवरून ओसरत होतं आणि त्यांचा जीव कासावीस होत होता.

“सावकाश!” ते ओरडत होते. “सावकाश फिरवा! अजून उजेड आहे!”

बरोबर पाव फेरा झाला. इंजिनाचं तोंड दक्षिणेला, म्हणजे फलाटाकडून येणाऱ्या पायवाटेकडे आलं. आणि खाली ‘खडाक्’ असा आवाज होऊन पूल थांबला.

ढोल थांबला. सगळे वाकून खाली पाहायला लागले. पुलाच्या एका टोकाचं चाक खड्ड्यातल्या गोल रुळावरून बोटभर खाली उतरून मातीत रुतलं होतं. ते एका वीतभर उंचीच्या सिमेंटच्या बांधावर चढून पलीकडे पडलं होतं.

“हा बांध कसला?” मी विचारलं.

नवगिरे साहेबांनी आधी खड्ड्यातल्या रोपांकडे पाहिलं. मग म्हणाले, “वांग्यांना पाणी अडवायला.”

आता पूल पुढे जाईना आणि मागेही जाईना. जॅक लावून उचलायला हवा होता, आणि तेवढा मोठा जॅक चिंचोदला नव्हता. चारशे नऊ खड्ड्यावर आडवं, कुठल्याच रुळाला न जोडलेलं, अंगणात आडव्या टाकलेल्या बाजेसारखं अडकून बसलं. अकरा पस्तीस झाले होते. लांबून पॅसेंजरची शिट्टी ऐकू आली.

अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. “आता तर समोरनंच दिसंल,” ते म्हणाले. “दोन्ही दिसंल. अर्धं अर्धं.”

“फडकं टाका,” नवगिरे साहेब म्हणाले. “पोतनीस, तुमचं काळं फडकं द्या.”

“फडकं दोन हातांचं आहे, इंजिनाचं तोंड दहा हातांचं,” मोजणीवाले पोतनीस म्हणाले. “आणि मी देणार नाही.”

जब्बारभाईंनी डोकं चालवलं. साहेब येतायत ना? मग स्वागत करू. माणूस बँडकडे बघतो, मागं काय आहे ते बघत नाही, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी आपली गाडी सोडून द्यायची ठरवली. पुढचं लग्न संध्याकाळी होतं आणि मधे एक एस.टी. होती. बँड पायवाटेच्या दोन्ही बाजूंना उभा राहिला. नवगिरे साहेबांनी अंगावरचा गंज झटकला, भांग पाडला, हात जोडले.

पॅसेंजर आली, दोन मिनिटं थांबली, गेली. फलाटाच्या टोकाला एक बाई उतरल्या. साठी उलटलेल्या. इरकल नेसलेल्या, हातात कापडी पिशवी. आणखी कुणीच उतरलं नाही.

बँड वाजायला लागला. थांबायची खूण करायला कुणालाच सुचलं नाही. ताशा, तुताऱ्या, ढोल, सगळं एकदम. त्या बाई त्या रांगांमधून डावीकडे-उजवीकडे पाहत, पदर सावरत, शांतपणे चालत आल्या. नवगिरे साहेब जोडलेल्या हातांनी त्यांच्या मागं अजूनही साहेब शोधत होते. मी मात्र त्यांना ओळखलं. सोलापूरच्या घरी त्यांनीच मला चहा दिला होता. त्या अप्पांच्या बायको, महानंदाकाकू.

त्या इंजिनासमोर येऊन थांबल्या. बँडही थांबला.

काकू बघत राहिल्या. नुसतं बघत राहिल्या. किरमिजी निम्मं, मधली सरळ रेघ, निळं निम्मं.

“हेच का ते?” त्यांनी विचारलं.

“हो,” अप्पा म्हणाले.

“अर्ध्यातच रंग संपला का?”

“नाही. म्हणजे... त्या बाजूला बघ की. ती बाजू पूर्ण आहे.”

काकूंनी तिकडं पाहिलं नाही. त्या पुढं गेल्या आणि डोळे बारीक करून किरमिजी पत्र्याकडे पाहिलं, फळवाल्याकडचं फळ बघावं तसं. “हा रंग नाही,” त्या म्हणाल्या.

पोतनीसांनी तिवई खाली ठेवली.

“काकू,” मी म्हणालो, “तुमच्या घरच्या फोटोतला रंग आहे हा. मी पेंटरला फोटोची प्रत दिली होती.”

“फोटोतला आत्ताचा असेल. मी जांभळा भरला होता.” त्यांनी माझ्याकडे वळून समजावून सांगितलं, मी विद्यार्थी असल्यासारखं. “माझ्या वडलांचा फोटोचा स्टुडिओ होता, साठ-सत्तरच्या सालात. काळ्यापांढऱ्या फोटोंत मीच रंग भरायची, कापसाच्या बोळ्यानं. यांनी लग्नानंतर हा फोटो आणला, त्यातही मीच भरला. जांभळा. मग यांनी तो खिडकीसमोर लावला. नको म्हणलं होतं मी. जांभळ्यातला निळा उन्हानं उडतो, लाल तेवढा राहतो. अडतीस वर्षं पुसते मी तो फोटो, मला माहीत नाही होय?”

म्हणजे इंजिनाला आम्ही जो ‘मूळ ऐतिहासिक’ रंग दिला होता, तो इंजिनाचाही नव्हता आणि फोटोचाही नव्हता. तो सोलापूरच्या उन्हाचा होता.

“पण तुम्ही जांभळा का भरलात?” पोतनीसांनी विचारलं. त्यांचा आवाज चिरका झाला होता.

“मी इंजिन बघितलेलं कुठं होतं? इंजिनाला तो शोभेल असं मला वाटलं. मग यांना दाखवला. विचारलं, असाच आहे ना? हे म्हणाले, अगदी असाच.”

आता सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. बँडनंही. अप्पा पितळी बटणाशी चाळा करत होते.

“लग्नाला अकरा दिवस झाले होते,” ते कुणाकडेच न बघता म्हणाले. “हिची बोटं सगळी रंगानं भरलेली. सगळी दुपार बसून केलं होतं. इतक्या उमेदीनं विचारलं हिनं.” त्यांनी टोपी काढली. “एकदा हो म्हणल्यावर मग काय करणार? ही म्हणायची, इंजिन दाखवा. मी म्हणायचो, शेडमध्ये बायकांना सोडत नाहीत. सोलापुरात मालगाडी दिसली की म्हणायची, हेच का? मी म्हणायचो, हे दुसरं. एकदा गेटपाशी मीच चालवत होतो आणि ही तिथंच उभी. मी खाली वाकून बसलो.”

“मग ते कुणी चालवलं?” नवगिरे साहेबांनी दचकून विचारलं.

“असिस्टंट होता की.”

“म्हणजे या खेपेला...” मी म्हणालो. तीन वर्षं मी अर्ज लिहीत होतो आणि अप्पा दर अर्जावर ‘प्रत्यक्ष साक्षीदार’ म्हणून सही करत होते.

“तुम्ही रंगवणार म्हणालात, सर,” अप्पा म्हणाले. “मला वाटलं, आता खरं होईल. मरायच्या आधी एकदा तिला आणून दाखवीन. जांभळ्याचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही. रोज बघत होतो ना फोटो. कळलंच नाही कधी बदलला.”

काकूंनी निळ्या अर्ध्याकडे बोट केलं. “आणि हा?”

“हा खरा,” पोतनीस म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ते हळू आवाजात म्हटलं.

काकू निळ्या बाजूला गेल्या. पोपडा धरलेल्या पत्र्यावर हात ठेवला. “हा छान आहे की वो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “हा का नाही सांगितलात?”

“तू विचारलंस, असाच आहे ना...”

“विचारलं म्हणजे ठाऊक नव्हतं म्हणून विचारलं!” त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “नाही म्हणला असता तर पुसला असता. रंग ओला होता अजून. कापसाचा एक बोळा फिरवला असता आणि दुसरा भरला असता. अर्ध्या तासाचं काम.”

ढोलवाल्यानं चुकून ढोलावर बोट आपटलं आणि जब्बारभाईंनी त्याच्याकडे रागानं पाहिलं.

“अर्ध्या तासाचं,” काकू पुन्हा म्हणाल्या, स्वतःशी. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या. आवाज न करता, पदर तोंडाशी धरून, खांदे हलेपर्यंत. “खाली वाकून बसला होता? गेटपाशी?”

“तू भाजी घेत होतीस.”

“मग मी कशाला वर बघतेय!”

फोटो त्यांच्या सांगण्यावरूनच काढला. मी दोघांना किरमिजी बाजूला उभं करत होतो, त्यांनी ऐकलं नाही. “मधेच काढा,” त्या म्हणाल्या. अप्पा निळ्या अर्ध्यापुढे, काकू किरमिजी अर्ध्यापुढे, दोघांच्या मधून डोक्यावर ती पेंटरची सरळ रेघ. ऊन समोरून तोंडावर सारखं पडलं होतं. मी आणि पोतनीस दोघांनी एकाच जागेवरून, आळीपाळीनं, एकाच तिवईवरून फोटो काढला. मग जब्बारभाईंनी मागणी केली म्हणून सगळ्या बँडचाही काढला.

पुढच्या पत्रकात मी चार ओळींत लिहिलं की पोतनीसांचं बरोबर होतं. पोतनीसांनी त्याखाली दोन ओळी लिहिल्या की कानडे यांनी दाखवलेल्या रंगाचं इंजिनही आता अस्तित्वात आहे, सबब तोही मुद्दा निकाली. मोठा जॅक यायला सात आठवडे लागले. तोवर भंगाराची तारीख उलटून गेली, आणि राज्यभरातून आमच्यासारखे वेडे चिंचोदला येऊन त्या दोन रंगांच्या तोंडाचे फोटो काढून गेले. नवगिरे साहेब त्यांना वांगी द्यायचे. मग एप्रिलमध्ये इंजिन गेलं. ते बघायला मी आणि पोतनीस दोघंही गेलो होतो, एकाच डब्यातून.

पण त्या रविवारचं थोडं सांगायचं राहिलंय.

फोटो झाल्यावर काकू म्हणाल्या, “वर चढता येतं का?” अप्पांनी हात दिला आणि त्या इंजिनाच्या उभ्या पायऱ्या चढून आत गेल्या. पिशवीत त्यांनी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दह्याची बरणी आणली होती. आतून त्यांचा आवाज आला, “ही तुमची बसायची जागा? मी बसते. तुम्ही तिकडं बसा.” मग जरा वेळानं, “आता सांगा. आणखी काय काय?”

“काय काय म्हणजे?”

“आणखी काय काय खोटं सांगितलाव ते. पहिल्यापासून सांगा. मला काही घाई नाही.”

अप्पा खाकरले. मग बोलायला लागले. शब्द खाली येत नव्हते, नुसता बारीक, एकसुरी आवाज येत होता, मधेच काकूंचा “आणि?” आणि एकदोनदा मोठ्यानं “अगंबाई!” बँडवाले एस.टी.ला निघून गेले. मालगाडी रिकाम्या हातानं गेली. मी आणि पोतनीस खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसलो आणि नवगिरे साहेबांनी पाठवलेली भजी खाल्ली.

साडेपाचला सोलापूरची गाडी आली. मी उठून इंजिनाखाली गेलो आणि हाक मारली, “काकू, गाडी लागलीय. यानंतर थेट उद्या सकाळी आहे.”

खिडकीतून काकूंनी डोकं बाहेर काढलं. डोळे पुसलेले दिसत होते, पण कशानं ते सांगता येत नव्हतं.

“तुम्ही जा पुढं,” त्या म्हणाल्या. “हे आत्ता कुठं एकोणऐंशी सालापर्यंत आलेत.”